कल्लाप्पा अण्णांचं ताट

या, जरा जवळ सरकून बसा. भिंतीला टेकू नका, डोळा लागेल, आणि ही गोष्ट झोपेत ऐकायची नाही. माझ्याकडे टाळ नाहीत, पखवाज नाही. पण आमच्या देवळात कीर्तनाला बुवा उभे राहिले की सांगता सांगता माणसं कशी समोर आणून बसवतात, तशा मी तुमच्यापुढं दोन खाटा मांडते. कोल्हापुरातल्या एका दवाखान्यातल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या.

नऊ नंबरला माझा धाकटा भाऊ आकाराम. आम्ही कागलचे. त्याच्या घरी चार म्हशी, आणि त्यांच्यापेक्षा याचीच भूक मोठी. हर्नियाचं ऑपरेशन करायचं होतं, पण साखर अडीचशेच्या खाली यायला तयार नव्हती. "ती उतरल्याशिवाय मी हात लावणार नाही," असं डॉक्टर धैर्यशील सांगून गेलेले. म्हणून त्याला एक भाकरी, दुधीची भाजी आणि ताक, एवढंच.

दहा नंबरला हातकणंगल्याचे कल्लाप्पा अण्णा. जैन शेतकरी, सत्तरी ओलांडलेले. बांधावरून घसरून मांडीचं हाड मोडलेलं. त्यांनाही साखर. त्यांची सकाळी एकदम खाली जायची, घाम फुटायचा, आणि ऑपरेशन पुढं ढकललं जायचं. दोनदा ढकललं. "आठवड्यात झालं नाही तर पाय आखूड राहील," असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. मुलगा अभिनंदन कबनूरला यंत्रमागावर. सकाळी येऊन बापाचं सगळं करायचा आणि कामाला पळायचा. दिवसभर अण्णांकडं मीच बघत होते.

आता यातली गोम ऐका. अण्णांनी बारा वर्षांपूर्वी मुनिमहाराजांसमोर नियम घेतलेला, सूर्य मावळला की उगवेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही. आणि दवाखान्याची जेवणाची ट्रॉली यायची साडेसातला. मार्गशीर्षातले दिवस, सहाला सूर्य जातो. त्याआधी अण्णा दोन केळी खायचे आणि गप पडायचे. ट्रॉलीबरोबर सिस्टर यायची, पोटाला साखर उतरवायचं इंजेक्शन द्यायची, ताट ठेवायची आणि पुढं जायची. अण्णा झाकण काढायचेच नाहीत.

पहिल्या दिवशी मीच म्हटलं, "अण्णा, जेवा की."

"रातचं चालत न्हाय, आक्का."

"मग सिस्टरला सांगते, लवकर आणतील."

"कशाला? एका म्हाताऱ्यासाठी सगळ्यांस्नी पळवायचं? अभिनंदनला तर बोलूच नका, काम सोडून डबा घिऊन येईल."

"आणि हे अन्न?"

अण्णांनी नऊ नंबरकडं बघितलं. आकाराम कोपरावर उठून बसलेलाच होता.

अन्न टाकू नये, हे मी कीर्तनात शंभर वेळा ऐकलंय, मान डोलावलीय. तेव्हा ताट उचललं ते मी, आणि भावापुढं ठेवलं तेही मीच. मनात म्हटलं, पदरात पुण्य पडलं. त्या पुण्यात भात होता, वरण होतं, बटाट्याची भाजी होती. आकारामनं बोटं चाटली. "आक्का, ह्या दवाखान्यात मानूस बरा हुतोय बघ."

सिस्टर परत आली की दोन्ही ताटं लखलखीत. ती कागदावर लिहायची, पूर्ण जेवण. असं चार दिवस चाललं. एकाची साखर चढतेय, दुसऱ्याची पडतेय, आणि डॉक्टर दोघांची औषधं बदलून दमले.

पाचव्या दिवशी पहाटे, अजून बाहेर अंधार होता, अण्णांचे हात थरथरायला लागले. रात्रपाळीला क्रांती सिस्टर होती. तिनं बोटाला सुई टोचली. पन्नास. लगेच साखरेचं पाणी त्यांच्या तोंडाला लावलं, तर अण्णांनी ओठ मिटले आणि खिडकीकडं बघितलं.

"उजाडू दे," म्हणाले.

"अण्णा, सूर्य त्याच्या टायमाला येतोय. तुमची साखर थांबत न्हाय."

अण्णांनी नाही म्हणून मान हलवली. मग क्रांतीनं बाटली आणली, शिरेतून ग्लुकोज सोडलं. "हे तोंडानं न्हाय, हातानं चाललंय. ह्याला तुमचा नियम न्हाय, काय?"

त्या अवस्थेतही म्हातारा हसला. घाम उतरल्यावर तिनं विचारलं, "काल जेवला नव्हता?"

अण्णा खोटं बोलत नाहीत. पण खरं बोलले तर आकारामची चोरी उघडी पडणार. म्हणून ते छताच्या पंख्याकडं बघत राहिले. आकारामनं चादर डोक्यावरून ओढली. त्या थरथरत्या हातांपुढं माझं चार दिवसांचं पुण्य किती हलकं होतं.

"सिस्टर," मी म्हटलं, "ताट मी न्यायची. ह्यांचं त्याला द्यायची."

क्रांती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आक्का, तुम्ही एका हातानं दोन ऑपरेशनं थांबवलीत. डॉक्टरांस्नी सुद्धा जमलं नसतं." मग चादरीला म्हणाली, "आणि पावणं, तुम्ही उद्यापासनं भोपळा."

चादरीतून आवाज आला, "आजबी भोपळाच हाय की."

डॉक्टर आले, तिघांनाही झाडलं, अण्णांच्या इंजेक्शनची वेळ संध्याकाळी साडेपाचवर आणली. आता राहिलं ताट. ड्यूटी संपल्यावर घरी जायचं सोडून क्रांती खाली स्वयंपाकघरात गेली, मीही मागं. तिथले आचारी जोतीराम भाकरी थापत होते.

"ट्रॉली साडेसातला. दोनशे मानसं हायत."

"ट्रॉली कोण मागतंय? एक ताट द्या, साडेपाचला."

"वर कोण नेणार? लिफ्ट जेवणाच्या टायमालाच मिळती आम्हाला."

"मी नेते."

"तुमची ड्यूटी आठला लागती."

"मग भूक काय ड्यूटी बघून लागती व्हय?"

जोतीरामांनी पुढची भाकरी तव्यावर टाकली. पण संध्याकाळी साडेपाचला गरम भाकरी तयार होती. दवाखान्यामागच्या क्वार्टरमधून क्रांती आली, साधी साडी, केस ओले, आणि ताट हातात घेऊन तीन मजले चढली. झाकण काढून म्हणाली, "बघा, अजून ऊन हाय." खिडकीत पिवळी तिरीप होती. अण्णांनी आधी तिच्याकडं बघून हात जोडले, मग घास घेतला. इंजेक्शन, जेवण, सूर्य, सगळं एका रांगेत आलं. चार दिवस ती रोज चढली.

त्यातल्या दुसऱ्या दिवशी अण्णांचा पाय जोडला. चौथ्या दिवशी आकारामचं झालं, तेही भोपळ्यावर चिडचिड करत करत. आता अण्णा वॉकर घेऊन बांधापर्यंत जातात, आणि आकाराम त्यांना फोन करून विचारतो, "आज काय केलतं जेवायला?"

मी कीर्तनाला अजून जाते. पण अन्नाची गोष्ट निघाली की आता मान डोलवायच्या आधी एकदा विचार करते, ताट कुणाचं होतं.

तुम्हाला एवढंच सांगणं. कधी दिवस असताना जेवायला बसलात, आणि ताटावर ऊन पडलेलं दिसलं, तर पहिल्या घासाला क्रांती सिस्टरची आठवण काढा.