लाल तेल

लोक म्हणतात, "अंबक्का, सदतीस वर्षांनी कसला सूड? माणूस म्हातारा झाला, सोडून द्या." का सोडू? माझ्या वडिलांना कुणी सोडलं होतं?

आमचं घराणं रंगाऱ्यांचं. आजोबांनी म्हैसुरात जन्मभर लुगडी रंगवली. माझे वडील, गुरुराव, पाना हातात घेऊन भुजंगरावांच्या गॅरेजात शिरले. तेव्हा कॉफीच्या मळेवाल्यांकडे मोठाल्या अमेरिकन गाड्या असायच्या. काहींना पायाखालचा क्लचच नसायचा, गिअर आपले आपण बदलायचे. असला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सुटा करून पुन्हा जोडणारा गावात एकच माणूस होता, गुरुराव. भुजंगराव मात्र गिऱ्हाइकांना सांगत, "सगळं मीच शिकवलंय हो!" डोंबल! त्यांना साधा स्टार्टर उघडता येत नव्हता.

एकोणसत्तर साली नरसिंहमूर्ती नावाच्या मळेवाल्यांची शेवरले आली. वडिलांनी तिचा गिअरबॉक्स उघडून आतल्या झिजलेल्या क्लचप्लेटा बदलल्या, परत जोडला. त्यात घालायचं तेल लाल असतं, तेव्हा ते परदेशातून यायचं, मिळता मिळायचं नाही. डबा भुजंगरावांनी आणला, ओतला वडिलांनी. मालकाचा डबा, कोण शंका घेणार?

आठ दिवसांत गाडी बैलकुप्प्याच्या रस्त्यावर बंद पडली. ड्रायव्हरनं तेल तपासून हात धुतले, तर पाणी लालभडक. खऱ्या तेलाचा रंग पाण्यात उतरत नाही. तेलात कापडाचा रंग! मी पंधरा वर्षांची, वडिलांचा जेवणाचा डबा घेऊन गॅरेजात गेले होते. माझ्यासमोर भुजंगरावांनी वडिलांचं मनगट धरून वर केलं. "हात बघा त्यांचे!" आदल्या दिवशी आत्याच्या लग्नाची लुगडी रंगवायला वडील बसले होते, नखं लालच होती. "खरं तेल विकलं आणि साध्या तेलात घरचा रंग कालवला. रंगाऱ्याचा पोर, दुसरं काय करणार?" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

वडील एकच म्हणत राहिले, "खालचं तेलाचं चेंबर उघडा. तळाशी काय बसलंय ते बघा." कुणी उघडलं नाही. भुजंगरावांनी गिअरबॉक्स उतरवून पेटीत घालून मळ्यावर धाडला आणि गाडीला साधा हातगिअर बसवला.

त्यानंतर एकाही गॅरेजवाल्यानं वडिलांना दारात उभं केलं नाही. बारा वर्षं ते घरी बसून सदरे शिवत होते. बाहेर जायचं झालं की आधी चिंच लावून हात घासायचे. हात स्वच्छ असायचे, तरी घासायचे. घासता घासताच गेले म्हणा ना.

मी आयटीआय केलं, हेब्बाळच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं मशीनं दुरुस्त केली. आता सरस्वतीपुरमला घरामागे माझी शेड आहे, तिथं जुने ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बांधते. दोन हजार सहा साली नरसिंहमूर्तींचा नातू जयतीर्थ आला. म्हणाला, "अक्का, आजोबांच्या शेवरलेचा हातगिअर काढून मूळचाच परत बसवायचा. मळ्याच्या गोदामात पेटी पडलीय."

पेटी आली. झाकण काढलं आणि आधी बोल्ट बघितले. आमच्यात छापलेल्या कापडाच्या काठाला आपला ठिपका ठेवायची रीत. वडील तोच ठिपका चेंबरच्या प्रत्येक बोल्टवर ठेवायचे, पांढऱ्या रंगाचा, अर्धा बोल्टवर आणि अर्धा पत्र्यावर. बोल्ट फिरला की ठिपका तुटणारच. सगळे ठिपके अखंड होते. सदतीस वर्षं त्याला कुणी पाना लावला नव्हता.

मीही लावला नाही. आयुधपूजेची, म्हणजे खंडेनवमीची वाट बघितली.

भुजंगराव आता दसऱ्याच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाचे अध्यक्ष होते. करून करून भागला आणि देवपूजेला लागला! मी स्वतः आमंत्रण घेऊन गेले. "पहिला बोल्ट तुमच्याच हातून उघडायचा, सार." फुगले. मी कुणाची मुलगी, गिअरबॉक्स कुणाच्या गाडीचा, हे त्यांनी विचारलंही नाही.

आयुधपूजेला शेड भरली. पान्यांना हळदकुंकू लावलं, कोहळा फोडला. ऐंशी वर्षांची माझी आई, गौराबाई, खुर्चीवर बसली होती. आधी मी जयतीर्थला आणि प्रदर्शनाच्या मंडळींना ठिपके नीट दाखवले. मग पांढऱ्याशुभ्र धोतरातले भुजंगराव पुढे झाले. बोल्ट काढले, चेंबर खाली घेतलं. आत बोटभर जाड लाल गाळ. त्यांचे दोन्ही हात त्यानं बरबटले.

आणि त्यांचं तोंड उघडलं. "अय्यो, हीच ती गाडी! नोडी, बघा, हा गुरुराव रंगाऱ्याचा प्रताप!"

"बरं झालं, तुम्हीच नाव घेतलंत," मी म्हटलं. "मी गुरुरावांची मुलगी."

दोन पेले आधीच ठेवले होते, एकात साधं तेल, एकात पाणी. दोन्हींत मी गाळाची चिमूट टाकली, ढवळली. पाणी क्षणात लाल झालं. तेलात कण गरगरले आणि तळाशी जाऊन बसले.

"कापडाचा रंग पाण्यात विरघळतो, तेलात नाही. आमच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. हाच गाळ गिअरबॉक्सच्या बारीक वाटांत अडकला आणि गाडी बसली. ज्यानं हे केलं त्याला रंगातलं ओ की ठो कळत नव्हतं. या तेलाला दोघांचेच हात लागले, भुजंगराव. एक रंगाऱ्याच्या घरात जन्मला होता. दुसरे तुम्ही."

जयतीर्थनं विचारलं, "सार, डबा कोणी आणला होता?"

भुजंगरावांनी बरबटलेले हात पुढे केले. "हात... हात धुवायला पाणी द्या आधी," ते म्हणाले.

कुठल्याही रंगाऱ्यानं आधी कोरड्या फडक्यानं, मग रॉकेलनं हात पुसले असते, पाण्याचा थेंब लागू दिला नसता. मला हे ठाऊक होतं. मी साबण दिला आणि तांब्यानं स्वतः पाणी ओतलं. जितके चोळले तितके लाल झाले, मनगटापर्यंत. धोतरावर ओघळ उतरले.

आई खुर्चीवरून म्हणाली, "आठ दिवस जात नसतं ते."

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात अध्यक्ष हात पाठीमागे बांधून हिंडत होते. पण बक्षिसं त्यांनाच द्यायची होती. पहिलं नाव पुकारलं आणि चषक उचलायला हात पुढे आणावेच लागले. हातच्या काकणाला आरसा कशाला? दोन्ही हात मनगटापर्यंत लाल.

तेवढ्यात पहिल्या रांगेत माझी आई काठी टेकत उभी राहिली.

"हात बघा त्यांचे," ती म्हणाली.

मला पोटभर आनंद झाला. खोटं कशाला बोलू?