सोनबानं आणलेलं पुणं

सोनबानं पुण्याहून आणलेल्या सिनेमात बनाकाकीला तिचा लेक दिसला, आणि त्या दिवसापासून सोनबा चारचौघांत पाय झाकून बसतो. असं काहीही झालेलं नाही. वाचणाऱ्यानं हे वाक्य आपण वाचलंच नाही असं धरून चालावं.

झालं ते एवढंच. एकोणसत्तर साली वेल्ह्याजवळच्या एका वाडीतला सोनबा धरणाच्या ऑफिसात शिपाई होता. त्यानं अजून पुणं पाहिलेलं नाही, याची इंजिनियरसाहेबांना इतकी मौज वाटली, की त्यांनी त्याला एक दिवस सुटी दिली आणि वर आपला जुना सिनेमाचा कॅमेरा त्याच्या गळ्यात अडकवला. "डोळ्याला लाव. चावी देऊन खटका वर सरकवला की आपोआप चालतो. काटा शून्यावर आला की रीळ संपलं."

वाडीत बातमी फुटली. म्हाताऱ्या चिमाजीतात्यांनी सिनेमात हत्ती आणायला सांगितला. शेजारच्या बनाकाकीनं तिचा मानसिंग सांगितला. मानसिंग पुण्यात एका हॉटेलात भट्टीवर होता. हॉटेलवाला त्याला सुटी देत नव्हता आणि काकीचे गुडघे तिला एसटीची पायरी चढू देत नव्हते. दोन दिवाळ्या मायलेकरांनी तशाच काढल्या होत्या.

"बोलंल का रं त्यो त्यात?" काकीनं विचारलं.

"न्हाई काकी. मुका सिनेमा असतोय."

"मुका तर मुका. हालंल न्हवं?"

"हालंल की."

"मग बास झालं."

सोनबा स्वारगेटला उतरला तो कामाला लागूनच. शनिवारवाड्याचा दरवाजा दिसताच त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला, खटका सरकवला, आणि त्याच्या मनात आलं, एवढ्या थोर जागेसमोर तोंड झाकून उभं राहायचं? म्हणून त्यानं कॅमेरा छातीवर सोडला आणि रीतसर दोन्ही हात जोडले. कॅमेरा गळ्यात खाली तोंड करून लोंबकळत कुरकुरत राहिला.

मग ती रीतच पडली. तळ्यातल्या गणपतीला नमस्कार. पर्वतीला नमस्कार. पेशवे पार्कातला हत्ती म्हणजे गणपतीचाच जवळचा, त्यालाही नमस्कार. एक पुतळा कुणाचा ते कळेना, पण दगडाचा झाला म्हणजे मोठाच माणूस असणार. चौकातला पोलीस तर सरकारचा. त्याला केला तेव्हा त्यानं रहदारी थांबवून उलटा नमस्कार केला. मग सोनबानंही पुन्हा केला. मागं टांगेवाले बोंबलत होते.

दुपारी तो हॉटेलाच्या मागच्या दारी पोचला. मानसिंगला हर्ष मावेना. "आईनं मला बघायला तुला धाडलं व्हय?" म्हणत तो आत पळाला. त्यानं कोळशानं काळं झालेलं तोंड धुतलं, गल्ल्यावरच्या पोराचा इस्त्रीचा शर्ट मागून घातला, भांग पाडला. तेवढ्यात सोनबाची नजर काट्यावर गेली. काटा शून्यावर होता.

आता सांगावं, असं त्याला वाटलं. पण मानसिंग दारात ऐटीत उभा होता.

"हाण!" मानसिंग म्हणाला.

सोनबानं रिकाम्या कॅमेऱ्याला चावी दिली. मानसिंग चालला, वळला, हसला. दंडाची बेडकी काढून दाखवली. शेवटी तो कॅमेऱ्यासमोर वाकला आणि आईच्या पाया पडला. चावी संपेपर्यंत तो वाकलेलाच होता.

"आलं का समदं?"

"समदं आलं," सोनबा म्हणाला. तेवढं बोलताना त्याचे कान तापले.

महिन्याभरानं रीळ धुऊन आलं. साहेबांनी वेल्ह्याच्या शाळेत यंत्र लावलं. वाडी बैलगाड्यांतून आली. सगळ्यांनी चपला दाराबाहेर काढल्या आणि पुणं बघायला मांड्या ठोकल्या.

भिंतीवर दोन पाय आले. ते थांबले. चालले. पुन्हा थांबले.

"पुण्यात माणसं ऱ्हात्यात, का नुस्तं पायच?" चिमाजीतात्या म्हणाले.

एकदा बाजूला हत्तीचा एक पाय आला. त्याला टाळ्या पडल्या. मग परत तेच दोन पाय. सोनबाला आपल्या चपला ओळखू आल्या. अंधारात त्यानं पाय मांडीखाली ओढून घेतले. आता रीळ संपेल आणि काकी विचारील, माझा मानसिंग कुठाय?

काकीनं विचारलं नाही. ती गुडघ्यांवर हात रोवून उठली.

"ह्ये माझ्या मानसिंगाचं पाय! अंगठा बघा की, बापावर गेलाय!"

"व्हय व्हय, बापाचाच अंगठा," तात्यांनी साक्ष दिली. मग सगळ्या वाडीला तो बापाचाच दिसू लागला.

काकी भिंतीपाशी गेली. तिनं हात टेकवला. सोनबाचे पाय तिच्या हातावरून चालत गेले.

दिवा लागला तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. "सोन्या, माझ्या लेकाच्या चपलंला तार बांधलीया रं. तुला दिसली न्हाई?"

"काकी, त्ये पाय..." सोनबानं तोंड उघडलं.

"पाय चांगलं हाईत. त्येचा तोंडवळा पाठ हाय मला. पायच इसरायला लागली हुती बघ."

 आपल्या तार बांधलेल्या चपला दाराबाहेर तशाच ठेवून सोनबा अनवाणी घरी गेला. काकीनं आठ दिवसांत भोरच्या बाजारातून कोऱ्या वहाणा मागवल्या आणि त्याच्या हाती दिल्या, मानसिंगाला पोचव म्हणून. त्या मानसिंगाला लहान झाल्या. भिंतीवरच्या, म्हणजे सोनबाच्या, पायांचं माप धरून घेतल्या होत्या ना.

मग सोनबानं अर्ज केला.

मे. मामलेदारसाहेब, मुक्काम वेल्हे, यांचे सेवेशी. विनंती अर्ज ऐसा जे, अर्जदाराचे कब्जात वडिलोपार्जित दोन पाय आहेत. सदर पाय बनाबाई यांनी भर शाळेत पंचांसमक्ष आपल्या मुलाचे म्हणून ओळखले असून अर्जदाराची त्यास हरकत नाही. तरी मेहेरबान साहेबांनी जागेवर चौकशी न करता सदर दोन्ही पाय मानसिंग यांचे नावे लावून द्यावेत, आणि अर्जदारास ते हयातीपर्यंत फक्त चालण्यापुरते वहिवाटू द्यावेत, ही विनंती.