शोधा बघू

अंगुस्तान फरशीवर पडलं, टणकन वाजलं आणि घरंगळत शिलाई मशीनच्या पायाशी जाऊन थांबलं. भर दुपारच्या शांततेत तेवढाच काय तो आवाज. खिडकीजवळच्या खुर्चीत सासूबाई बसल्या होत्या. मांडीवर कुणाचा तरी करडा कोट, चिमटीत सुई तशीच उभी, आणि हनुवटी छातीला टेकलेली. त्यांना जाग आली नाही.

गुंडीनं मशीनखाली हात घालून अंगुस्तान काढलं, फ्रॉकला पुसलं आणि हळूच आजीच्या बोटात परत चढवलं. शाळेच्या पटावर तिचं नाव वेगळं होतं. पण रांगत्या वयात एक गुंडी नाकात घालून बसली, तेव्हापासून घरात तेच चिकटलं होतं.

"आई, आजी पुन्हा झोपली."

"झोपू दे. हातातली सुई तेवढी काढून घे. जपून."

आई टेबलाशी शालीच्या शेवटच्या टाक्यावर होती. तिनं दोरा दातांनी तोडला, आणि तोडल्यावर सवयीनं खुर्चीकडे पाहिलं. एरवी तिकडून लगेच आलं असतं, 'दात खायला असतात, कापायला कात्री आहे.' आज नुसता घोरण्याचा बारीक सूर आला.

पुढच्या खोलीत रफूचं दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत संसार, असं ते घर होतं. दुकान सासूबाईंचं. कसरीनं खाल्लेला, सिगारेटनं जळलेला, खिळ्याला अडकून फाटलेला कपडा त्यांच्या हातून परत गेला की गिऱ्हाईक स्वतःच भोक शोधत बसे. "टाका दिसला की कारागीर दिसला," त्या म्हणत, "आणि दिसायला आपण काय नाटकात आहोत?"

सुनेला, म्हणजे गुंडीच्या आईला, त्यांनीच शिकवलं, आणि शिकवण्याची त्यांची एक रीत होती. गिऱ्हाइकाकडून कपडा सुनेनं घ्यायचा, रफू तिनंच करायचं, आणि भोक कुठं होतं ते न सांगता कपडा सासूबाईंच्या हातात देऊन म्हणायचं, 'शोधा'. त्या आधी डोळे मिटून बोटं फिरवत. मग कापड खिडकीच्या उजेडाला धरत. सापडलं की खडूची खूण, आणि एकच शब्द. 'उसव.' लग्न होऊन आल्यापासून सुनेचं एकही काम पहिल्या फेरीत सुटलं नव्हतं. कधीकधी उसवताना तिच्या डोळ्यांत पाणी येई. तेही सासूबाईंना दिसे. "कापडावर सांडू नकोस," त्या म्हणत. "डाग माझ्याकडून निघत नाहीत."

आता सासूबाई जाग्या झाल्या, तेव्हा तिनं शाल त्यांच्या मांडीवर ठेवली.

"आई, शोधा."

सासूबाईंनी बोटं फिरवली, शाल उजेडाला धरली, हसल्या.

"सापडत नाही गं. कुठं होतं?"

"सांगणार नाही," सून म्हणाली. तिचे कान गरम झाले होते. हल्ली हे रोज होत होतं, तरी कान रोज तापत.

त्याचं मूळ गेल्या थंडीत होतं. सासूबाईंच्या बरगडीवर नागीण उठली. फोड आले, सुकले, खपल्या पडल्या, आणि आग मात्र तिथंच राहिली. अंगावरच्या कपड्याचा स्पर्शही सोसवेना. "नागीण गेली, पण शेपूट विसरून गेली," गुंडीचा बाबा म्हणाला, पण कुणी हसलं नाही. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की त्वचा बरी झाली तरी आतल्या नसा दुखावलेल्या राहतात, त्यांना शांत करावं लागतं. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. थोड्यानं भागलं नाही, म्हणून पुढं मात्रा वाढवली. औषधाच्या दुकानातल्या माणसानं पाकीट देताना बजावलं, की झोप येईल, गाडी चालवू देऊ नका. "संसाराचा गाडा चालतो का?" सासूबाईंनी विचारलं. तो त्यांचा शेवटचा तिखट विनोद.

कारण मग दुखणं निवलं, आणि त्याच्याबरोबर जिभेची धारही गेली. एका सकाळी त्या म्हणाल्या, "बाळ, तू काही खाल्लंस का?" आणि सुनेनं मागं वळून पाहिलं, की दारात कोण आलंय. दारात कुणी नव्हतं.

त्या गुंडीला कुशीत घेऊन गोष्टी सांगू लागल्या. गोष्टी मध्येच वाट चुकत. राजा बाजारात जाई आणि परत येताना बकरी होऊन येई, आणि राणीला त्याचं काही वाटत नसे. गुंडी पोट धरधरून हसे. पावलांना सूज येऊन सासूबाईंच्या चपला घट्ट झाल्या. न्हाणीघरात जाताना त्या भिंतीला हात लावत, होडीत उभ्या असल्यासारख्या. कात्री हवी असली की शब्द सापडेना. "ते दे गं. ते... तोंड उघडतं ते." हे सगळं घरात सगळ्यांना दिसत होतं, आणि कुणीच एकमेकांना दाखवत नव्हतं.

"इतक्या वर्षांत या घरात अशी शांतता नव्हती," नवरा एकदा बूट घालताना म्हणाला. "मी लहान होतो तेव्हापासून सांगतोय. चाललंय ते चालू दे."

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी एकेक विचारलं. चक्कर येते का, दिवसा झोप येते का, तोल जातो का, डोळ्यांपुढं धूसर होतं का, मन उदास राहतं का?

"सगळं छान आहे," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या हाताला गुण आहे."

बाईंनी सुनेकडे पाहिलं. "तुम्ही सांगा. घरच्यांना जास्त दिसतं."

सासूबाईंच्या खांद्यावरून पिशवीचा बंद घसरला होता. सुनेनं तो नीट वर केला.

"बरं आहे," ती म्हणाली.

त्यानंतर एक दिवस जवळच राहणारे, नेहमीचे गिऱ्हाईक असलेले वकील आले. तक्रार घेऊन नव्हे, कोटाची गुंडी तुटली म्हणून. गुंडी लावून होईपर्यंत ते टेबलाशी उभे राहिले, आणि सहज बोलता बोलता त्यांचं बोट बाहीवर नेमकं जाऊन टेकलं.

"हे तुमचं इथलंच ना? छान झालंय. लांबून कळत नाही."

ते गेले. 'लांबून' हा शब्द मात्र टेबलावर राहिला. वकील दारावरून जाताना तिनं तो कोट अनेकदा न्याहाळला होता, आणि अनेकदा तिला तिथं काही तरी तिरपं वाटलंही होतं. पण रफू झाल्यावर हाच कोट हातात घेऊन सासूबाई म्हणाल्या होत्या, "तुझा हात माझ्या पुढं गेला गं." त्यावर आपल्या डोळ्यांचं कोण ऐकतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं फळीवरून एक गर्द निळी पँट काढली. नवीन आलेलं काम. गुडघ्याच्या वर जळून पडलेलं भोक, मटाराच्या दाण्याएवढं. तिनं त्याला सुई लावली नाही. इस्त्री केली, घडी घातली, आणि खिडकीपाशी गेली. गुंडी खाली फरशीवर रिकामी रिळं एकावर एक रचत होती.

"आई, शोधा."

सासूबाईंनी डोळे मिटले. बोटं कमरपट्ट्यापासून निघाली, हळूहळू मांडीवरून खाली आली, भोकाच्या काठाशी पोचली. बोटाचं टोक भोकातून आत गेलं, बाहेर आलं आणि पुढं निघालं. मग त्यांनी कापड उजेडाला धरलं. भोकातून उन्हाचा एक ठिपका आला आणि त्यांच्या गालावर बसला.

गुंडीनं तो पाहिला. तिनं तोंड उघडलं. आईनं ओठांवर बोट ठेवलं.

"नाही गं सापडत," सासूबाई म्हणाल्या. ठिपका त्यांच्या गालावरून हनुवटीवर उतरला. "छान झालंय. तुला आता माझी गरज राहिली नाही." त्यांनी पँट खाली ठेवली आणि सुनेचा हात हातात घेतला, जरा वेळ तसाच धरून ठेवला. "सून कसली, लेकच तू माझी."

सुनेनं हात सोडवून घेतला नाही. सासूबाईंचा डोळा लागला तेव्हा तो आपोआप सुटला.

सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच ती सासूबाईंना घेऊन पायरीवर उभी होती. आत गेल्यावर तिनं सगळं सांगितलं. झोप, भिंतीला धरून चालणं, सूज, हरवलेले शब्द. शेवटी पँटचं सांगितलं. सासूबाई शेजारी बसून भिंतीवरचं चित्र पाहत होत्या.

"मागच्या वेळी मी विचारलं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"हो."

बाईंनी जुना कागद पुढं ओढला. "हळूहळू कमी करू. मनानं एकदम बंद करायचं नाही, झटके येऊ शकतात. खोकल्याचं, झोपेचं कुठलंही औषध मला विचारल्याशिवाय द्यायचं नाही. या गोळ्यांबरोबर श्वास मंदावतो. आणि दुखणं थोडं परत येईल, ते धरून चाला. कुठं थांबायचं ते शोधावं लागेल."

"शोधू," सून म्हणाली.

"आता भोगा," नवरा घरी म्हणाला. पण त्यानंच सासूबाईंना न्हाणीघरात धरायला दांडी बसवली, आणि बसवून झाल्यावर स्वतः लोंबकळून पाहिली.

मात्रा कमी होत गेली. चपला सैल झाल्या. राजा बाजारातून राजा होऊनच परत येऊ लागला, आणि गुंडी जांभया देऊ लागली. सासूबाई रात्री कुशीवर वळताना दात आवळत. ते दुसऱ्या खोलीत ऐकू येई. सून उठून जाई, पाठीशी उशी लावी. "निजायचं सोडून कशाला उठलीस?" त्या म्हणत, आणि उशी आणखी जरा खाली घ्यायला लावत.

मग एका दुपारी सुनेनं दोरा दातांनी तोडला आणि खिडकीकडून आलं, "दात खायला असतात."

सून क्षणभर जागच्या जागी थांबली. मग उठून कात्री घेऊन आली.

"ती शाल अजून इथंच?" सासूबाई फळीकडे पाहत म्हणाल्या. "गिऱ्हाईक मेलं का काय? आण इकडे."

सुनेनं आणून दिली. शोधा म्हणाली नाही. सासूबाईंनी डोळे मिटले. बोट निघालं, आणि अर्ध्या वाटेत थांबलं. उजेडाला धरायची गरजही पडली नाही. त्यांनी खडू घेतला आणि खूण केली.

"उसव."

"बरं."

"ही मी सोडली होती?"

"हो."

"आणखी काय काय सोडलंय?"

सुनेनं बोट फळीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. त्यात गर्द निळी पँट नव्हती. ती तिनं नंतर नीट करून, चारदा उसवून, पाठवून दिली होती.

सासूबाईंनी बरगडीवर तळहात दाबला. कळ आली होती की नाही, सांगता येत नव्हतं. "मला सगळं धुक्यातलं वाटतंय. मी काय काय बोलले गं त्या दिवसांत?"

"काही विशेष नाही. छान झालंय, म्हणायचात."

"आणि तू खरं धरलंस."

सासूबाईंनी एका हातानं आपली खुर्ची जराशी सरकवली. खिडकीत आणखी एका खुर्चीपुरती जागा झाली.

"इकडे बस. तिकडे अंधारात बसून करतेस, मग दुसरं काय होणार? एक धागा वर, एक धागा खाली. किती वेळा सांगायचं?"

सून खुर्ची ओढून बसली. दोघींच्या गुडघ्यांवर मिळून ती शाल पसरली. एकीच्या हातात कात्री, दुसरीच्या हातात सुई. उसवलेले धागे गुंडी खाली बसून गोळा करत होती, त्यांचा एक मऊ गोळा करत होती.

"आई."

"हं."

"आजी म्हणाली होती ना, तू तिची लेक आहेस म्हणून."

कात्री थांबली. शेजारची सुईही कापडात अर्धी जाऊन थांबली होती. सासूबाईंची मान वर झाली नाही, पण अंगुस्तान घातलेलं बोट धाग्यावर तसंच राहिलं, पुढं काय ऐकू येतं त्याची वाट पाहत.

गुंडीनं धाग्यांचा गोळा हातावर तोलून पाहिला आणि वर मान करून विचारलं,

"ते आजी म्हणाली होती, का गोळी?"