ज्याच्या हातात भोंगा

त्या दिवशी दुपारी मावशींनी मला ओल्या फडक्याने पुसलं, नवे सेल घातले आणि खटका दाबून माझ्यातून एकदा खाकरून पाहिलं. ते खाकरणं गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. समोरच्या शिंपिणीने मशीन थांबवून खिडकीतून विचारलं, "काय हो मावशी, सर्दी झाली का?"

"मला कशाला होतेय! ह्याचा घसा तपासतेय," मावशी माझ्यातूनच म्हणाल्या. शिंपीण हसली आणि पुन्हा मशीनवर वाकली. मावशींनी मला टेबलावर ठेवलं आणि त्या भाजी चिरायला बसल्या.

इतका साधा दिवस होता तो. असा दिवस पुन्हा येणार नाही हे ना त्यांना ठाऊक होतं, ना मला.

मित्रांनो, मी हातात धरायचा एक भोंगा आहे. आता जुना झालोय. पांढरा होतो, तो पिवळट पडलोय. खांद्याला अडकवायचा माझा पट्टा दोनदा तुटून दोनदा शिवला गेला आहे. माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे एका कामगार बाईंनी मला तोंडाशी धरून "हॅलो, हॅलो" म्हटलं. आवाज नीट आला, म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर टिकली चिकटवली. माझी परीक्षा एवढीच झाली.

तिथून मी एका बस डेपोत आलो. गर्दी झाली की साहेब माझ्यातून ओरडत, "रांगेत या, रांगेत या." लोक रांगेत येत नसत, पण माझ्याकडे बघत जरूर. त्याच डेपोत मावशी कंडक्टर होत्या. त्यांना माझी कधीच गरज पडली नाही. "आत सरका, दारात लटकू नका" असं त्या म्हणाल्या की बसच्या टपावरची कबुतरंही सरकायची.

पुढे डेपोत भिंतीवरचे स्पीकर आले. मी फाटक्या सीटांबरोबर कोपऱ्यात जाऊन पडलो. त्याच सुमारास मावशी निवृत्त झाल्या. जायच्या दिवशी त्यांनी साहेबांना विचारलं, "हा पण भंगारात जातोय का?"

"हो. का?"

"मग दोन्ही भंगारं एकत्रच जातील," असं म्हणून त्यांनी मला काखेत मारलं आणि आम्ही शेवटच्या थांब्याची बस पकडली.

त्या बसच्या शेवटच्या थांब्यावरच मावशींची वस्ती होती. दोन खोल्यांच्या घरात त्या आणि त्यांची लेक राहत. लेक पुस्तकांच्या दुकानात कामाला होती. घरी आली की आतल्या खोलीत पलंगावर पुस्तक घेऊन बसायची. बाहेरच्या खोलीत टेबल होतं, त्यावर मी. मधलं दार कधी बंद नसे. मावशी टेबलापाशी बसत तेव्हा त्यांची पाठ त्या दाराकडे असे. माझं तोंड मात्र दाराकडे. हे लक्षात ठेवा, मित्रांनो.

माझं खरं आयुष्य सुरू झालं ते बस बंद होणार अशी बातमी आली तेव्हा. बस आता वस्तीपर्यंत येणार नाही, खालच्या चौकातूनच परत फिरेल, असा प्रस्ताव वाहतूक कार्यालयाने मांडला होता. चौकापासून वस्ती म्हणजे सगळा चढ. दवाखान्यातून येणारी म्हातारी माणसं, कामाची पाळी संपवून येणाऱ्या बायका, सगळ्यांनी तो चढ चढायचा. वस्तीतली तीन तरुण पोरं मावशींकडे आली. एक कायदा शिकणारी मुलगी, तिला सगळे वकीलबाई म्हणत. एक घरोघर पार्सलं पोचवणारा, त्याचं नाव पार्सलच पडलं होतं. आणि फलक रंगवणारा एक उंच पोरगा, तो बांबू.

पहिल्या बैठकीत तिघंही एकदम बोलू लागले. मावशींनी थोडा वेळ ऐकलं, मग मला उचलून पार्सलच्या हातात दिलं. "ज्याच्या हातात भोंगा, त्यानेच बोलायचं. बाकीच्यांनी तोंडं मिटायची. खटका दाबू नकोस, माझे कान शाबूत आहेत अजून."

तोच नियम झाला. त्या खोलीत मी बंदच असायचो, पण माझ्याशिवाय कोणी तोंड उघडत नसे. वकीलबाई मला हातात घेऊन कलमं सांगायची. पार्सल म्हणायचा, "अर्ज करून काय होतंय? पुढच्या निवडणुकीला आपणच उभं राहू." बांबू मला हिसकावून घ्यायचा आणि म्हणायचा, "रस्ता अडवू."

मावशी हात पुढे करायच्या. मी त्यांच्याकडे आलो की त्या म्हणायच्या, "रस्ता अडवलास तर अडकणार कोण रे? आपलीच बस ना?"

खूप हसायचे सगळे. मग पुन्हा भांडायचे. नगरसेवक कोणाचं ऐकतो, सह्या घरोघर जाऊन घ्यायच्या की थांब्यावर, ज्यांचं मतदार यादीत नावच नाही त्यांनी बोलावं की नाही, यावर तासन्‌तास चालायचं. थांब्यावरच्या सभेत मी खणखणीत वाजलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नगरसेवक आले, मला हातात घेऊन फोटो काढून घेतला आणि "बघतो, काहीतरी करू" म्हणून गाडीत बसले. माझ्या आयुष्यातला तोच कौतुकाचा काळ.

प्रत्येक बैठकीच्या शेवटी मावशी मला मागे न बघता दाराकडे धरायच्या. "तुला काही म्हणायचंय का गं?"

आतून लेक म्हणायची, "माझं काय त्यात? चालू दे तुमचं."

"ही पुस्तकातच म्हातारी होणार," मावशी पोरांना म्हणायच्या, आणि मला टेबलावर ठेवायच्या. त्यांचं तोंड हसरं असे. हात मात्र मला ठेवल्यावरही थोडा वेळ माझ्या दांड्यावरच राही.

आता मी काय पाहत होतो ते सांगतो. लेकीच्या मांडीवर पुस्तक उघडं असायचं. बैठक सुरू झाल्यापासून संपेपर्यंत त्याचं पान उलटलेलं मी कधी पाहिलं नाही. बांबू चुकीचं बोलला की तिच्या कपाळाला आठी पडे. मावशींनी टोमणा मारला की तिला हसू फुटे आणि ती ते ओढणीत दाबायची. मावशींना यातलं काही दिसत नव्हतं. मी सांगणार कसा? मी भोंगा आहे. दुसऱ्याने बोलल्याशिवाय माझ्यातून काही बाहेर पडत नाही.

माझा घसा तपासला त्याच दिवशी, त्या शेवटच्या संध्याकाळी, वाहतूक कार्यालयातल्या जनसुनावणीची तयारी चालली होती. बोलणाऱ्यांत मावशींचंच नाव दिलं होतं. त्यांनी भाषण म्हणून दाखवलं. वकीलबाईने दोन चुका काढल्या. पार्सल म्हणाला, "मावशी, साहेबांना 'आत सरका' नका म्हणू म्हणजे झालं." शेवटी मावशींनी मला दाराकडे धरलं. आतून तेच उत्तर आलं.

सकाळी मावशी उठल्या नाहीत. झोपेतच गेल्या. लेकीने चहा आणून हाक मारली, मग पुन्हा मारली. मग कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

सुनावणीची तारीख काही पुढे गेली नाही. तिघं पोरं मला घेऊन कार्यालयात गेली. लेकही मागून गेली. फाटकावरच्या पहारेकऱ्याने मला अडवलं. "हे आत चालणार नाही." त्याने मला टेबलाखाली ठेवलं, त्याच्या डब्याशेजारी. आत काय झालं ते मी पाहिलं नाही. परत येताना पायरीवर बसून ती तिघं पोरं बोलली तेवढं ऐकलं.

"मावशींचं नाव पुकारलं," पार्सल म्हणाला. "साहेब म्हणाले, त्या नसतील तर दुसरं कोणी बोला. मी हिच्याकडे बघितलं."

"मी बांबूकडे," वकीलबाई म्हणाली. "मी हातही पुढे केला रे. सवयीने. हातात काहीच आलं नाही. मग उठले, तर साहेब म्हणाले, पुढचा विषय."

"आपण वाट बघत बसलो," बांबू म्हणाला. "भोंगा कोणाकडे येतो त्याची."

कोणी कोणाला दोष दिला नाही. लेक जरा दूर उभी होती. शेवटच्या रांगेत तीही बसली होती म्हणे, आणि वेळेवर तीही उठली नव्हती.

थोड्या वेळाने पार्सल म्हणाला, "एक सांगू? परवा मी इथेच पार्सल द्यायला आलो होतो. चौकात लावायची 'शेवटचा थांबा' अशी पाटी जिन्याखाली ठेवली होती. रंगवून, वाळवून तयार."

"मग सांगितलं का नाहीस?" बांबूने विचारलं.

"कोणाला सांगू? मावशींना सांगायचं होतं."

मित्रांनो, बस बंद झाली. वस्तीतला थांबा उभा आहे, पण त्याखाली आता कोणी थांबत नाही. बांबू कामासाठी दुसऱ्या शहरात गेला. वकीलबाईची परीक्षा आली. पार्सल एकदा एकटाच आला, मला हातात घेऊन बसला. आता माझ्या नियमाने बोलायची पाळी त्याची होती. त्याने खटक्यावरून नुसतं बोट फिरवलं. मला ठेवलं आणि गेला. त्यानंतर मी कपाटावर गेलो, आणि कपाटावर गेलेल्या वस्तूला कोणी खाली घेत नाही.

आज लेक घर रिकामं करते आहे. तिला चौकाजवळ खोली मिळाली आहे. खाली भंगारवाला हातगाडी घेऊन थांबला आहे. तिने मला खाली घेतलं, मागचं झाकण उघडलं. मावशींनी घातलेले सेल आतच गळले होते. हिरवट पूड आतल्या सगळ्या धातूच्या पट्ट्यांना चिकटली होती. तिने ती जुन्या ब्रशने घासून काढायचा प्रयत्न केला. निघाली नाही. मला कळलं, मी आता वाजणार नाही.

म्हणून तुम्हाला एक विनवणी करतो. माझ्यासारखी वस्तू घरात असेल तर वापर झाल्यावर सेल काढून ठेवा. आणि कोणी तुमच्यापुढे भोंगा धरला, तर "माझं काय त्यात?" म्हणू नका. तुम्ही बोललात म्हणून पाटी बदलेल असं वचन मी देत नाही. माझ्या डोळ्यांदेखत ती बदलली नाही. पण समोरच्याने हात लांब केलेला असतो, आणि तो हात कायम राहत नाही.

खालून भंगारवाल्याने हाक मारली, "ताई, आणखी काही आहे का?"

"थांबा जरा," ती म्हणाली.

ती मावशींच्या खुर्चीत बसली, मधल्या दाराकडे पाठ करून. मला दोन्ही हातांनी तोंडाशी धरलं आणि खटका दाबला. माझ्यातून काहीच आलं नाही, साधी खरखरही नाही. आलं ते तिच्या आवाजातच आलं, त्या रिकाम्या खोलीत पुरेल एवढं.

"आई," ती म्हणाली, "मी वाचत नव्हते गं. ऐकत होते."