साहेबांनी नाकारलेली अमर अळंबी

मित्रांनो, येन कुटुंबाच्या कोनाड्यात लाल कापडावर ठेवलेली, लाकडासारखी कडक झालेली ही तांबूस अळंबी म्हणजे मी. माझी एक बाजू कापलेली आहे. येणारे-जाणारे नेमकं तेच विचारतात, म्हणून आज सगळं सांगते.

माझा जन्म ढगांत बुडालेल्या एका कड्यावर, म्हाताऱ्या ओकच्या मुळाशी झाला. आमच्या जातीला लिंगझी म्हणतात. मला खाईल तो मरत नाही, अशी माझी ख्याती. कवींनी तर मला देवांच्या बेटांवर, पांढऱ्या करकोच्यांच्या सोबतीला नेऊन ठेवलं. खरं सांगायचं तर मी मुंग्यांच्या सोबतीने वाढले.

सूयुन त्या डोंगरावर औषधी मुळ्या खणायला यायची. तिची सासू फांगबाई तीन महिने खोकल्याने अंथरुणाला खिळल्या होत्या. मला पाहताच सूयुन गुडघ्यांवर बसली. "आई वाचल्या," एवढंच ती पुटपुटली.

येनांच्या घरी तिचा नवरा वेनझाओ कविता लिहीत बसला होता. सरकारी परीक्षेत तो तीनदा नापास झाला होता. मला पाहून तो ताडकन उठला.

"अगं, हे शुभचिन्ह आहे! जिल्ह्याच्या साहेबांना दिलं की ते सम्राटांकडे पाठवतील. मला नोकरी लागेल. मग आईला मोठ्यातला मोठा वैद्य आणू!"

"तोवर आई थांबणार आहेत का?" सूयुन म्हणाली. "कवितेत रोज कुणाला ना कुणाला अमर करता. इथे काढा कोण उकळणार?"

"तुला यातलं काही कळत नाही!"

"खोकला कळतो ना. रात्रंदिवस ऐकते मी."

तेवढ्यात आतून फांगबाईंचा आवाज आला. "सूनबाई, सुरी आण. काप तिला."

"आई, कापलेलं शुभचिन्ह कुणी घेत नाही!" वेनझाओ कळवळला.

"म्हणूनच काप म्हणते." फांगबाईंनी दम घेतला. "बाळा, तुझे वडील तापाने गेले असं मी सांगत आले. खोटं होतं ते. आपल्या गावाने साहेबांना एक अळंबी दिली, तर त्यांनी आणखी दहा मागितल्या. चौथीसाठी तुझे वडील कड्यावर चढले. लोकांनी त्यांना चटईत गुंडाळून आणलं. तू तेव्हा रांगत होतास."

मग वेनझाओने स्वतःच सुरी उचलली.

काढा उकळेपर्यंत तो निखाऱ्यांना वारा घालत बसला. फांगबाईंनी पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "शी! एवढं कडू पिऊन अमर व्हायचं? त्यापेक्षा मेलेली बरी!" वेनझाओ हसला आणि हसता हसता रडू लागला.

तिसऱ्या दिवशी बातमी ऐकून साहेब स्वतः दारात आले. मला पाहताच त्यांचा चेहरा उतरला.

"अर्धीमुर्धी कापलेली ही सम्राटांपुढे ठेवू? माझं डोकं जागेवर राहील का?"

"आईच्या औषधाला लागली, साहेब," वेनझाओ मान खाली घालून म्हणाला.

त्यांनी मला चटईवर फेकलं आणि ते पालखीत बसले. त्या वर्षी गावातल्या कुणालाही कड्यावर चढावं लागलं नाही.

मित्रांनो, फांगबाई अमर झाल्या नाहीत. आलुबुखाराच्या झाडांना फुलं आली तेव्हा त्या गेल्या. एवढी माझी ख्याती, आणि मला त्यांचा खोकलासुद्धा थांबवता आला नाही, याची खंत मला आजही वाटते. पण त्या हिवाळ्यात मुलगा रोज आईजवळ बसला. वडील कसे शीळ घालायचे, भाताच्या पेजेत किती आलं टाकायचे, सगळं त्याने विचारून घेतलं. नंतर त्याने त्यावर कविता लिहिली. तिच्यात देव नव्हते, करकोचेही नव्हते.

पुढे कधी लोकांनी मला नमस्कार केले, तर कधी मी लोणच्याच्या बरणीमागे धूळ खात पडले. आता किडे मला पोखरताहेत. त्याची तक्रार नाही. विनंती एकच. कोवळ्या अळंबीला कडेने पांढरी किनार असते. ती दिसली तर तिला हात लावू नका. तिची बीजासारखी तपकिरी भुकटी मातीत सांडू द्या, म्हणजे आमची जात टिकेल.

सासू गेल्यावरच्या वसंतात सूयुनला त्याच ओकपाशी अशी एक दिसली होती. तिने इकडेतिकडे पाहिलं, चार सुकी पानं तिच्यावर ओढली आणि घरी येऊन माझ्याशिवाय कुणाला काही सांगितलं नाही.