यादीनं आलेला भाऊ

आमच्या चर्चमधल्या वेदीवरची कापडं गेली सोळा वर्षं मी घरी आणून धुते. पगार नाही, मानधन नाही. कुणीतरी करायला हवं म्हणून सुरुवात केली आणि मग ते काम माझंच होऊन बसलं. फादर ज्या रुमालानं पवित्र द्राक्षारसाचा पेला पुसतात, त्याचं पहिलं पाणी मोरीत सोडायचं नसतं, मातीत ओतायचं असतं. त्यामुळे दर सोमवारी ते आमच्या गॅलरीतल्या कुंड्यांना मिळतं. हे म्हणायचे, "आपली झाडं तुझ्यापेक्षा जास्त धार्मिक झाली."

हे म्हणजे माझा नवरा. लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर होते. रविवारी सुट्टी असली की सकाळी सातच्या मिस्साला, म्हणजे प्रार्थनाविधीला, बायबलमधलं वाचन करायचे. माइक बंद पडला तरी शेवटच्या बाकावरच्या बहिऱ्या आजोबांना ऐकू जाईल असा आवाज होता. पुढे फुप्फुसांनी दगा दिला. आधी जिना चढवेना, मग एक वाक्य एका दमात होईना. घरी ऑक्सिजनचं मशीन आलं, नाकाला नळी लागली, चर्चला जाणं बंद झालं.

चर्चमध्ये सगळ्या सेवेकऱ्यांची यादी एक निवृत्त हेडमास्तरीण करतात. वाचन कोण करणार, फुलं कोण लावणार, दारात कोण उभं राहणार, सगळं त्यांच्या वहीत. आम्ही त्यांना बाई म्हणतो. ह्यांचं नाव आजाऱ्यांच्या यादीत घालायला मीच बाईंना सांगितलं. तेव्हापासून दर रविवारी मिस्सा झाली की कोपऱ्यावरचा औषधवाला, चर्चनं नेमलेला सेवेकरी म्हणून, ह्यांना घरी कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तशरीराची पवित्र भाकर, द्यायला यायचा. भला माणूस, पण बडबड्या. प्रार्थना पाच मिनिटं आणि गुडघेदुखी पंधरा मिनिटं. शेवटी त्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि तो तीन महिने घरी बसला.

त्या रविवारी बेल वाजली. मी दार उघडलं, तर समोर माझा दीर.

इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, गळ्यातल्या दोरीला लावलेली कम्युनियनची छोटी चांदीची डबी छातीशी धरलेली. अकरा वर्षांत ते आमच्या दारात आले नव्हते.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "औषधवाल्याच्या जागी बाईंनी मला यादीत घातलंय. आडनाव बघून विचारलं त्यांनी, नात्यातले का? मी म्हटलं, भाऊ आहे. त्या म्हणाल्या, मग बरंच झालं."

बाई आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे ह्या चर्चच्या हद्दीत, येऊन तीनच वर्षं झाली होती. त्यांना काय ठाऊक?

काय ते सांगते. माझ्या सासूबाई भाऊजींकडे राहायच्या. भाऊजींनी लग्न केलं नाही. लिफ्ट दुरुस्तीचं काम आणि आई, एवढाच त्यांचा संसार. सासूबाईंना शेवटी न्यूमोनिया झाला. दुपारी चार वाजता डॉक्टरांनी भाऊजींना बाजूला घेतलं. म्हणाले, श्वास थांबत चाललाय. घशात नळी घालून मशीनवर ठेवू, पण त्यातून परत येणं कठीण आहे. हे तेव्हा बस घेऊन दुसऱ्या टोकाला होते, सातपर्यंत पोचणार होते. भाऊजींनी नळीला नाही म्हटलं. पावणेसहाला सासूबाई गेल्या. हे सातला ड्युटीच्या शर्टातच धावत आले.

व्हरांड्यात, सगळ्यांसमोर हे म्हणाले, "मशीनवर ठेवली असती तर मला भेटली असती. तीन तास माझी वाट बघवली नाही तुला?"

भाऊजी म्हणाले, "दादा, तिचे हाल बघवत नव्हते रे."

"तू ठरवणारा कोण?"

तेव्हापासून बोलणं बंद. हे सातच्या मिस्साला, तर भाऊजी साडेनऊच्या. पॅरिश एक, देव एक, आणि ह्या दोघांनी वेळा वाटून घेतल्या होत्या. मी मधल्यामध्ये. कापडं पोचवायला गेले की भाऊजी भेटायचे आणि विचारायचे, "दादा कसा आहे?" मी सांगायची, बरे आहेत, तुमची चौकशी करत होते. चौकशी कसली, घरात त्यांचं नावही निघत नसे. घरी आले की ह्यांना सांगायची, भाऊजींनी नमस्कार सांगितलाय. तोही माझ्याच पदरचा असायचा. वाटायचं, अशानं कधीतरी दार किलकिलं होईल.

तर त्या रविवारी आतून ह्यांनी विचारलं, "कोण आलंय?"

"कम्युनियन आलंय," मी म्हटलं.

भाऊजी खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आले. ह्यांनी बघितलं. दोघांचेही केस पिकले होते, हे एकमेकांना लांबून दिसलं असेलच. पण जवळून पहिल्यांदाच.

"डबी घेऊन आलास?" ह्यांनी विचारलं.

"हो."

"मग ये आत." दम घेऊन म्हणाले, "डबी घेऊन येतोस तोवर ये. भाऊ म्हणून यायचं नाही. बसायचं नाही."

भाऊजी बसले नाहीत. मी स्टुलावर पांढरं कापड अंथरून मेणबत्ती लावली, तीही ह्यांच्या नळीपासून लांब, खिडकीपाशी. भाऊजींनी शुभवर्तमानातला उतारा वाचला, प्रार्थना म्हटली. "ख्रिस्ताचं शरीर," ते म्हणाले. "आमेन," हे म्हणाले. अकरा वर्षांनी, अटी घालून झाल्यावर, भावाला दिलेला तो एकच शब्द. मग भाऊजींनी कापडाची घडी घातली आणि गेले.

मला वाटलं, पुढच्या रविवारी हे सांगतील, बाईंना म्हणावं दुसरा माणूस पाठवा. सांगितलं नाही. रविवारी सकाळी लवकर दाढी करून घेतली मात्र. औषधवाल्यासाठी कधी करत नसत.

असे तेरा रविवार झाले. भाऊजी यायचे, उभ्यानंच सगळं करायचे आणि निघायचे. तिसऱ्या का चौथ्या वेळी दारात त्यांनी माझ्या हातात मऊ स्पंजच्या दोन बारीक नळकांड्या दिल्या. ऑक्सिजनची नळी कानामागे घासून ह्यांची कातडी सोलली होती, ती त्यांनी बघितली असावी. त्या बसवताना हे म्हणाले, "कुठून आणल्यास?"

"मेडिकलमधून."

"मेडिकलवाले बरे माप न घेता देतात," हे म्हणाले आणि डोळे मिटले. पण काढून टाकल्या नाहीत.

आमच्या खोलीचं दार करकरायचं. एका रविवारी जाताना भाऊजी थांबले, खिशातून बोटभर तेलाची बाटली काढली आणि दोन्ही बिजागऱ्यांत थेंब थेंब सोडलं. बिछान्यातून आवाज आला, "कम्युनियन देणाऱ्यांना आता तेलाची बाटलीपण देतात का?"

भाऊजींनी वळून बघितलं नाही. मला मात्र त्यांचे खांदे हललेले दिसले. हसत होते की काय होतं, कोण जाणे.

मग वाचनावरून सुरू झालं. भाऊजी भरभर वाचायचे, कधी एकदा संपतंय असं. सातव्या रविवारी ह्यांना राहवलं नाही. "थांब," म्हणाले. "तू लिफ्टवरची सूचना वाचतोयस का? पूर्णविरामाला थांबायचं. ऐकणाऱ्याला श्वास घेऊ द्यायचा." आणि मग स्वतःच श्वासासाठी थांबले. "पुन्हा वाच. सुरुवातीपासून."

भाऊजींनी पुन्हा वाचलं. हे उशीला डोकं टेकून ऐकत होते, ओठ हलत होते. संपल्यावर म्हणाले, "बरं." त्यानंतर दर रविवारी उतारा दोनदा व्हायला लागला. मी एकदा धीर करून खुर्ची पुढे सरकवली. ह्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मी ती परत भिंतीला लावली.

तेराव्या रविवारनंतर तब्येत झपाट्यानं उतरली. डॉक्टर घरी येऊन गेले. म्हणाले, हॉस्पिटलमध्ये हलवू, वेळ आली तर नळी घालून मशीनवर घेता येईल. डॉक्टर मलाच सांगत होते, जसं काही हे खोलीत नव्हतेच. ह्यांनी हात वर केला.

"मशीन नको," म्हणाले. "घशात काही घालायचं नाही. मी इथेच."

डॉक्टर गेल्यावर मी शेजारी बसले. मंगळवार होता, दुपारची वेळ. ह्यांना तीन-तीन शब्दांनंतर थांबावं लागत होतं, तरी बोलायचं होतं.

"हवेसाठी असं तडफडणं... मला ठाऊक नव्हतं... कसं असतं ते," हे म्हणाले. "आईचं असंच झालं असेल." बऱ्याच वेळानं म्हणाले, "धाकट्यानं बरोबर केलं. मी असतो... तरी तेच करायला हवं होतं. मला जमलं नसतं."

धाकटा म्हणजे भाऊजी. अकरा वर्षांनी ते नाव ह्यांच्या तोंडून आलं होतं.

मी उठलेच. "आत्ता फोन लावते. त्यांना बोलावते. हे त्यांना सांगा."

"नको. फोनवर नको. कामावर असेल, उंचावर असतो तो... हातात वायरी." जरा हसले. "रविवारी येणारच आहे. रविवारी सांगेन."

मी ऐकलं. मी का ऐकलं, हे मला आजही सांगता येत नाही. कदाचित यासाठी, की तब्बल अकरा वर्षं राग धरून बसलेलं हे माणूस आपल्या तोंडानं सोडणार, त्याला त्याची वेळ द्यावी. आणि खरं सांगायचं तर रविवार इतका जवळ वाटला. चार-पाच दिवसांचा तर प्रश्न.

बुधवारी फादर येऊन, अखेरच्या आजारात करतात तो तेलाचा अभिषेक करून गेले. शुक्रवारी सकाळी साडेनऊला मी पलीकडच्या खोलीत वेदीच्या लांब कापडाला इस्त्री करत होते. मशीन चालूच होतं, त्याची घरघर अगदी नेहमीसारखी. त्या घरघरीच्या आत ह्यांच्या श्वासाचा एक आवाज असायचा, शिट्टीसारखा. तो येत नव्हता. हे माझ्या लक्षात यायला किती वेळ गेला असेल? कापडाची एक बाजू पूर्ण झाली होती.

मी फोन केल्यावर भाऊजी कामाच्या कपड्यांतच आले, हाताला ग्रीस. खोलीत शिरले आणि उंबऱ्याजवळच उभे राहिले. मी म्हटलं, "भाऊजी, बसा." त्यांनी मान हलवली. दोन तास उभेच होते. लोक आले, शवपेटीवाला आला, तोवर उभेच.

दफनाच्या मिस्सात वाचनासाठी बाईंनी त्यांनाच सांगितलं, पण ते नाही म्हणाले. शेवटी वाचन बाईंनीच केलं. भाऊजी मागच्या बाकावर बसले, औषधवाल्याच्या कुबडीशेजारी.

आठवड्यानं मी त्यांना घरी बोलावलं. स्वयंपाकघरात टेबलाशी बसवलं आणि मंगळवारचं सगळं सांगितलं. शब्दन् शब्द, ह्यांनी जिथे जिथे दम घेतला होता तिथे थांबून.

भाऊजी ऐकत होते. टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होते.

"वहिनी," शेवटी म्हणाले, "तुम्ही फार चांगल्या आहात."

"म्हणजे काय?"

"अकरा वर्षं तुम्ही मला सांगत आलात, दादा माझी चौकशी करत होता. मला कळायचं हो. दादा असा कुणाची चौकशी करणाऱ्यातला नव्हता. तरी मी विचारायचो, कारण तुमच्या तोंडून ऐकायला बरं वाटायचं." त्यांचा आवाज अगदी साधा होता, राग नव्हता. "हेही तसंच आहे ना?"

"नाही हो! भाऊजी, हे खरं आहे. ह्यांची शपथ."

"तुम्ही नका शपथ घेऊ." ते उठले. माझ्या खांद्यावर हात ठेवला, एखाद्या मुलीची समजूत काढावी तसा. "मला बरं वाटलं ऐकून. खरंच."

ते गेले आणि मी टेबलाशी बसून राहिले. खोटं बोलताना कधी रडू आलं नव्हतं. खरं सांगून झाल्यावर आलं.

मी नंतर फादरांनाही सांगितलं, ते भाऊजींशी बोलले. भाऊजींना डॉक्टरांकडेही विचारायला लावलं, तर डॉक्टर म्हणाले, मशीन नको म्हणाले होते एवढं मला आठवतं. बाकीचं डॉक्टर गेल्यावरचं. पुढचं ऐकायला त्या खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

भाऊजी आता रविवारी जेवायला येतात. आजाऱ्यांच्या यादीत त्यांची तीन घरं आहेत, ती आटपून येतात. आम्ही पुष्कळ बोलतो: कुठल्या इमारतीतली लिफ्ट अडकली, बाईंनी कुणाला झापलं, औषधवाला आता कसा दुसऱ्या गुडघ्याबद्दल बोलायला लागलाय. ह्यांच्याबद्दलही बोलतो, लहानपणचं, गमतीचं. मंगळवारचा विषय मी आणखी एकदा काढून बघितला. त्यांनी तसंच शांतपणे ऐकलं, मान डोलावली, आणि मग भाताचं पातेलं माझ्यापुढे सरकवत म्हणाले, "वहिनी, जेवा. तुमचं पान तसंच आहे."

त्यानंतर मी काढला नाही.