मागच्या खोलीतल्या खुर्च्या

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्यांवर पन्नास रोगी, भिंतीला टेकून त्यांचे नातेवाईक आणि फळ्यापाशी टक्केबाबा. हे बाबा हवेतून काही काढत नसत. इस्त्रीचा शर्ट घालून ते नुसती टक्केवारी काढत.

"आराम कुणाकुणाला आहे? हात वर."

अठ्ठेचाळीस हात वर झाले. बाबांनी खडूने लिहिलं : ९६ टक्के.

"हे मी म्हणत नाही, मंडळी. गणित म्हणतं. गणित कुणाची भीड धरत नाही."

वार्ताहराने फळ्याचा फोटो घेतला आणि तो निघून गेला. त्याचं काम झालं होतं.

विज्ञान शिकवणाऱ्या बाई थोरल्या बहिणीच्या खुर्चीमागे उभ्या होत्या. ताईच्या स्तनात गाठ होती. सोमवारी शस्त्रक्रिया ठरलेली, आणि ताई ती रद्द करायला निघालेली. हात तिचाही वर होता.

"गाठ कमी झाली?"

"मनाला बरं वाटतंय."

"गाठीला विचारलंस?"

"गप गं. डॉक्टर शंभरात सत्तर वाचतात म्हणाले, इथे शहाण्णव. मोठा आकडा कुठला ते तूच सांग, मास्तरीणबाई."

बाईंनी शेजारी पाहिलं. मागच्या आठवड्यात तिथे निळ्या खुर्चीत एक शिंपीकाका बसले होते. इथला नियम असा, की खुर्ची घरून आणायची आणि बरं वाटलं तरी येत राहायचं, ती परत न्यायची नाही; बैठक मोडली की गुण जातो म्हणे. आज काका नव्हते, खुर्चीही नव्हती.

"काका कुठे गं?"

ताई मांडीकडे बघत म्हणाली, "गेले. श्रद्धा कमी पडली, असं बाबा म्हणाले."

"आणि खुर्ची?"

ताईने मागच्या खोलीकडे बोट केलं. बाई तडक तिथे गेल्या. आत छतापर्यंत खुर्च्या रचल्या होत्या. एकीवर शाल तशीच होती. एक लहान मुलाची होती, पाठीवर सशाचं चित्र चिकटवलेली.

त्यांनी निळी खुर्ची आणून ताईशेजारी ठेवली. मग सशाची. भिंतीपाशी उभा असलेला एक माणूस मदतीला आला. शाल पाहून थबकला. "ही माझ्या आईची," एवढंच म्हणाला आणि खुर्ची उचलून सभागृहात आणली. मग इतरही उठले. खुर्च्या संपेनात.

"ते मध्येच सोडून गेले," बाबा म्हणाले. "त्यांना हिशेबात धरत नाहीत."

"ते अंथरुणाला खिळले नाहीतर मेले. हात वर करायला इथे आहे कोण? म्हणून तर तुमचा आकडा खाली येत नाही." बाईंनी खडू घेतला. "खुर्च्या एकशे वीस. हात अठ्ठेचाळीस. शंभरात चाळीस झाले. आणि त्यातही माझी ताई आहे, गाठीसकट."

मग त्या बहिणीकडे वळल्या. "डॉक्टरांनी मेलेलेही मोजलेत, ताई. म्हणून त्यांचा आकडा लहान आहे."

ताईने सशाच्या चित्रावरून हात फिरवला. मग उठली आणि आपली खुर्ची उचलून घरी निघाली.

दुसऱ्या दिवशी बातमी आली ती शहाण्णव टक्क्यांचीच. फोटो आधीच निघाला होता. तेव्हा टक्के दिसले की भारावण्याआधी एवढंच विचारा : या शंभरात कुणाला मोजलं, आणि मागच्या खोलीत कोण राहिलं?